"कोणत्या अधिकारात?" हा प्रश्न विचारायला शिकणारी मुलगी

पत्र : "मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी. किंवा बी.एड. करेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता म्हणते, एलएल.बी. करून हायकोर्टात संविधानाच्या केसेस लढवणार. माझा अनुभव असा, की कोर्टानं एक आदेश रद्द केला की सरकार दुसरा काढतं. वीस वर्षं हेच बघतोय. मग या कामाचा उपयोग काय आणि त्यावर तिचं घर कसं चालणार? शिक्षण मराठी माध्यमातलं, नात्यात कुणी वकील नाही. तिला सरळ नाही म्हणू का?" – एक वडील, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही म्हणू नका. तुमच्या बाकीच्या शंका मात्र खऱ्या आहेत आणि त्यांना 'मुलांच्या मनाप्रमाणे होऊ द्या' एवढं गोड उत्तर देऊन मी तुमची बोळवण करणार नाही.

"एक आदेश रद्द केला की सरकार दुसरा काढतं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते खरं आहे. पण दुसरा आदेश पहिल्यासारखा असतो का, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुमच्या टेबलावरून जाणारी फाईल आठवा. वर 'वाचले' म्हणून संदर्भांची यादी, मग कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, मग संबंधिताला कारणे दाखवा नोटीस दिली होती का, त्याचा खुलासा आला का, तो का मान्य नाही आणि मग आदेश. साहेबांच्या मनात आलं म्हणून चार ओळी टाइप केल्या आणि सही झाली, असं आज सहज चालत नाही. ही शिस्त बऱ्याच अंशी कोर्टाच्या निकालांतून आली आहे. कुठल्यातरी जिल्ह्यातला एखादा आदेश 'कारणं दिली नाहीत' म्हणून उडाला आणि पुढचे शेकडो आदेश नीट लिहिले जाऊ लागले. तुम्हाला जो कामाचा व्याप वाटतो, तोच समोरच्या माणसाचं संरक्षण असतो.

डान्स बारचं प्रकरण तुमच्या बाजूनं सांगता येईल असं आहे, म्हणून तेच घेते. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधल्या नृत्यावर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. तेच नृत्य एका ठिकाणी गुन्हा आणि दुसऱ्या ठिकाणी करमणूक कसं, हा साधा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. सरकारनं २०१४ मध्ये पुन्हा दुरुस्ती केली, २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाच आणला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या, आत सीसीटीव्ही लावण्याची सक्तीसुद्धा. चौदा वर्षं हा खेळ चालला, असं तुम्ही म्हणाल. मला त्यात दुसरंही दिसतं. सुरुवात सरसकट बंदीनं झाली होती. शेवटी राहिले ते नियम, आणि तेही तपासून घेतलेले. दर वेळी सरकारला आधीपेक्षा बरं कारण घेऊन यावं लागलं. नैतिकतेबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, त्या बायकांच्या पोटापाण्याचा विचार कुणाला तरी कागदावर करावा लागला.

आता मुलीसाठी एक गोष्ट सांगते. तिला जरूर वाचून दाखवा, ती विज्ञानाची आहे म्हणून मुद्दाम.

१९६०च्या दशकात प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध केलं होतं. आत बसून, सरकारच्याच परवानगीनं, त्यांनी एक मराठी पुस्तक लिहिलं. राजकारणावर नव्हे, अणूच्या अंतरंगावर. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छापायला बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये सरकारनं नकार कळवला. तुरुंग अधीक्षकांनीही नाही म्हटलं. ते उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि हे निव्वळ शास्त्रीय लिखाण आहे अशी त्यांची खात्री झाली. सरकारचं म्हणणं काय होतं बघा. पुस्तकानं देशाला धोका आहे, असं सरकारनं शपथपत्रात म्हटलंच नव्हतं. म्हणणं एवढंच, की स्थानबद्ध माणसाला पुस्तक छापू द्यायला आम्ही कायद्यानं बांधील नाही.

उच्च न्यायालयानं प्रश्न उलटा करून विचारला. त्याला अडवण्याचा अधिकार तुम्हाला कोणत्या नियमानं दिला? असा नियम नव्हता. हस्तलिखित बाहेर पाठवू द्या, असा निकाल झाला. सरकार अपिलात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अपील फेटाळलं.

माझ्या मते संविधानाची सगळी वकिली या एका प्रकरणात आहे. 'परवानगी कुठे आहे?' असं सरकारी यंत्रणा नागरिकाला विचारत असते. उच्च न्यायालय यंत्रणेला विचारतं, 'अधिकार कुठे आहे?' तुमची मुलगी हा प्रश्न विचारायला शिकायचं म्हणते आहे. तो भाषणातून विचारला जात नाही. कायदा, नियम, अधिसूचना, तारखा आणि सह्या एकेक करून तपासल्यावर विचारता येतो.

हे काम नेहमी जिंकत नाही, हेही तिला आत्ताच कळायला हवं. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणाऱ्या कायद्याखाली, डांबलेल्या लोकांनी देशभर रिट याचिका केल्या. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशानं तेव्हा बंद केली होती. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, की अटक कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ते सगळे निकाल फिरवले. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, १९७६ चा तो निकाल चुकीचा होता असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. हे मुख्यतः लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, आणि १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. वडिलांचं मत मुलानं बदलल्याचं हे उदाहरण तुम्हाला चिडवायला देत नाही. ४१ वर्षं लागली, हे सांगायला देते. नऊ उच्च न्यायालयांनी जे लिहून ठेवलं होतं, ते तेवढी वर्षं वाट बघत पडून होतं.

त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयानं मिनू मसानींच्या नियतकालिकावरची सेन्सॉरशिप रद्द केली होती. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकाच वाऱ्याच्या दिशेनं शिडं फिरवावीत हे पाहणं सेन्सॉरचं काम नव्हे, अशा आशयाचं त्यात लिहिलं आहे. फेब्रुवारी १९७६ चा निकाल आहे. ती तारीख आणि तेव्हाची हवा लक्षात घेऊन तो वाचायला हवा.

अलीकडचं सांगायचं तर बीडचं प्रकरण थेट तुमच्या कार्यालयाशी नातं सांगणारं आहे. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांनी जमावबंदीच्या स्वरूपाचा आदेश काढला होता आणि त्याचा हवाला देऊन पोलिसांनी माजलगावात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या धरण्याला परवानगी नाकारली. औरंगाबाद खंडपीठानं १३ फेब्रुवारी २०२० रोजी दोन्ही रद्द केले. आदेश दिसायला सगळ्यांना लागू होता, प्रत्यक्षात रोख एकाच आंदोलनावर होता, हे कोर्टानं पाहिलं. कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येत नाही, असंही म्हटलं. आंदोलनाशी तुम्ही सहमत असण्याची गरज नाही. उद्या कांदा किंवा दूध रस्त्यावर ओतणाऱ्या शेतकऱ्यांनाही तोच निकाल उपयोगी पडू शकतो.

आणि कधी याचिकाकर्ता हरतो, पण नियम बदलतो. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचं प्रकरण आलं. सक्तवसुली संचालनालयानं त्यांचा जबाब रात्री साडेदहापासून पहाटे तीनपर्यंत नोंदवला होता. अटक बेकायदा ठरवा ही त्यांची मागणी कोर्टानं मान्य केली नाही, याचिका फेटाळली. पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावून जबाब घेणं योग्य नाही, जबाब किती वाजता नोंदवावेत याचं परिपत्रक काढा, असं त्याच निकालात सांगितलं. ऑक्टोबरमध्ये संचालनालयानं परिपत्रक काढलं. त्या गृहस्थांना स्वतःला काही मिळालं नाही. पुढे ज्यांना बोलावतील, त्यांना मिळालं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, सरकार हे शत्रुपक्ष आहे अशा समजुतीनं या क्षेत्रात येऊ नका. २०१६ चा गोमांसाचा निकालच घ्या. गोवंश हत्याबंदी मुंबई उच्च न्यायालयानं कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कारण घरात काय खावं याचा खासगीपणा अनुच्छेद २१ मध्ये येतो. एकाच निकालात सरकार अर्धं जिंकलं, अर्धं हरलं. कायद्याची रेघ नेमकी कुठे ओढायची, यावर न्यायमूर्तींची मतंही वेगळी असतात. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारी कक्षच ठरवेल, असा नियम केंद्रानं २०२३ मध्ये केला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या दोन न्यायमूर्तींमध्ये त्यावर मतभेद झाला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्दबातल म्हटला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या मतानं पारडं नियम रद्द होण्याकडे झुकलं. तिन्ही मतं तुमच्या मुलीनं वाचावीत, आणि न पटणारं मत आधी वाचावं. ते वाचताना तिला राग न येता कुतूहल वाटलं, तर ती योग्य वाटेवर आहे असं मी समजेन.

मराठी माध्यमाबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी लागेलच, आणि तीन वर्षं रोज वाचून-लिहून ते येतं. माझ्या पाहण्यात ते आलेलं आहे. पण फिर्याद, पंचनामा, जबाब, तलाठ्याचा अहवाल, तुमच्या कार्यालयाचा आदेश, हे सगळं मराठीत असतं. ज्याला दोन्ही भाषा नीट येतात तो ज्युनिअर ऑफिसात लवकर महत्त्वाचा होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, तीही मराठी शाळेतली, आता खंडपीठात वकिली करते. सुरुवातीच्या दिवसांत तिच्या सीनिअरनं तिच्यापुढे एमपीडीएची एक फाईल टाकली. हा १९८१ चा कायदा तुम्हाला माहीत असेलच. त्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त एखाद्याला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकतात. तिनं दोन संध्याकाळी फक्त पानं लावली. स्थानबद्धाला दिलेला संच एका बाजूला, कोर्टात दाखल झालेला दुसऱ्या बाजूला. काही पानं इतकी पुसट होती की वाचता येत नव्हती आणि ज्या कागदांवर आदेशाची मदार होती त्यातले काही इंग्रजीत होते, भाषांतराशिवाय. तो माणूस सातवी शिकलेला. आपल्याला का धरलं हे त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, तरच तो आपलं म्हणणं मांडू शकतो. अनुच्छेद २२ चा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वी लावून ठेवला आहे. तिनं त्या पानांना पिवळे फ्लॅग लावले आणि समासात पेन्सिलनं 'भाषांतर नाही' असं लिहिलं. आदेश रद्द झाला. युक्तिवाद सीनिअरनं केला, पण तो ज्यावर उभा होता ते पिवळे फ्लॅग होते. ती मला म्हणाली होती, "मॅडम, मला वाटलं होतं हायकोर्टात मोठं बोलावं लागतं. पानंच मोजावी लागतात." तो माणूस चांगला होता की वाईट, हे मला माहीत नाही. तिलाही नव्हतं.

असं पानं मोजणं तुमच्या मुलीला जमेल का, हे तुम्ही घरी बघू शकता. प्रयोगवहीत ती निरीक्षणं नीट लिहिते का? एखादी गोष्ट जुळत नसेल तर तिला चैन पडत नाही का? नुसती वादविवाद स्पर्धेतली बक्षिसं बघून मी कुणाला या वाटेला पाठवत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्य सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ द्यायची. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात. पेपर मराठीतही सोडवता येतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. १८५५ पासूनचं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आणि १९२४ पासूनचं पुण्याचं आयएलएस ही दोन नावं तिनं ऐकली असतीलच. त्यातल्या पहिल्याचे प्राचार्य कधीकाळी डॉ. आंबेडकर होते, ज्यांनी अनुच्छेद ३२ ला, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या हक्काला, संविधानाचा आत्मा म्हटलं. प्रवेश तिथेच मिळाला पाहिजे असा हट्ट धरू नका. चालू कोर्टाजवळचं कॉलेज असेल तर ते मला जास्त पसंत आहे. पदवीनंतर बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची, तीही मराठीतून देता येते.

तुम्हा सातारकरांसाठी एक चांगली गोष्ट नुकती घडली आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. हायकोर्टात काम करायचं म्हणजे मुंबईत खोली घेऊन राहायचं, हा तुमच्या भागातल्या मुलांपुढचा सर्वांत मोठा खर्च होता. आता तो टळू शकतो. नव्या बेंचभोवती वकिलांची कार्यालयं उभी राहत आहेत आणि त्यांना ज्युनिअर लागणारच.

पैशाचं मात्र लपवून ठेवत नाही. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची असतात. काही सीनिअर प्रवासखर्च निघेल एवढंच देतात, काही तेवढंही देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. म्हणून सीनिअर निवडताना मानधनाविषयी स्पष्ट विचारायला तिला शिकवा. विचारण्यात काही वावगं नाही. ज्या मुलांना घरून दोन-तीन वर्षं आधार मिळतो तीच टिकतात आणि बाकीची गुणी मुलं गळतात, हे या व्यवसायाचं दुखणं आहे आणि मला ते मनापासून सलतं. तुमचा पगार चालू आहे तोवर ही दोन-तीन वर्षं तिला देता येतील का, हा हिशेब तुम्ही दोघांनी तिला बरोबर घेऊन, आकडे मांडून करावा.

हायकोर्टाची वकिली जमली नाही तर काय, याचीही उत्तरं आहेत. सरकारी अभियोक्ता होता येतं. न्यायाधीशांच्या परीक्षेला बसता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर त्यासाठी आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गरिबांच्या केसेस मिळतात. कायद्यांचे मसुदे मंत्रालयात विधी व न्याय विभागात तयार होतात, ते काम फार थोड्यांना सुचतं. आणि सरकारी वकिलाच्या कार्यालयात बसून 'साहेब, हा आदेश टिकणार नाही, आधी नोटीस द्या' असं वेळेवर सांगणारी माणसं मला कोर्टात जिंकणाऱ्यांइतकीच मोलाची वाटतात. २०१५ मध्ये मॅगीवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, तेव्हा कंपनीला म्हणणं मांडायची संधीच दिली नव्हती हा एक मोठा मुद्दा होता. अन्नात खरंच दोष असेल तर तो असा निसटून जाणं लोकांच्याही हिताचं नव्हतं.

सीईटीचा अर्ज निघेपर्यंत तुम्ही दोघांनी एक करा. संझगिरींचा १९६५ चा निकाल इंटरनेटवर फुकट मिळतो, लहान आहे. रविवारी जेवणं झाली की तो ती वाचेल आणि तुम्ही ऐका. अडेल तिथे सरकारी भाषा तुम्ही समजावून सांगा. 'शपथपत्र', 'अधीक्षक', 'नाकारण्यात येत आहे' या शब्दांमागे कार्यालयात प्रत्यक्षात काय घडतं हे तिला तिच्या कॉलेजात कुणी सांगणार नाही, तुम्ही सांगू शकता. मग तुमच्या कार्यालयातून निघालेला, फलकावर लागलेला एखादा जाहीर आदेश घरी आणा आणि तिच्यासमोर ठेवा. तो कोणत्या कलमाखाली निघाला, अधिकार कुणाचा, कारण दिलंय का, ज्याच्यावर निघाला त्याला विचारलं होतं का, हे तिला शोधू द्या. तिला काय सापडलं, ते मला कळवा.